अमेरिकी प्रायमरीत पक्ष मतदारांचे पर्याय कसे कमी करतात

प्रश्न असा आला आहे: भारतात तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, अमेरिकेत मात्र प्रायमरीत साधे मतदारच पक्षाचा उमेदवार ठरवतात. मग न्यू जर्सीसारख्या राज्यात वर्षानुवर्षे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पक्षाध्यक्षाने ठरवलेलीच नावे कशी जिंकत आली? आणि एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या नव्या नागरिकाने प्रायमरीत मत देताना काय बघावे?

आधी थोडक्यात सांगतो. ‘अमक्याला मत देऊ नका’ असे पक्षाला कधी सांगावेच लागत नाही. कोणाचे नाव मतपत्रिकेवर येणार, ते कुठे छापले जाणार, ती मतपत्रिका कोणाच्या हातात पडणार आणि कोणत्या तारखेपर्यंत नाव नोंदवायचे, एवढे ठरले की निम्मी निवडणूक झालेली असते. हे सगळे मतदानाच्या कित्येक महिने आधी ठरते आणि बहुतेक वेळा पूर्णपणे कायदेशीर असते. न्यू जर्सीत यातली ‘कुठे छापायचे’ ही कला इतकी पुढे गेली होती की सुरुवात तिथूनच करायला हवी.

राज्यात २१ काउंट्या आहेत. सेलम आणि ससेक्स या दोन सोडल्या तर बाकी १९ काउंट्यांत २०२४ पर्यंत प्रायमरीची मतपत्रिका तक्त्यासारखी असे. इतर राज्यांत ‘सिनेटसाठी एकाला निवडा’ असे लिहून त्याखाली त्या पदाच्या सगळ्या उमेदवारांची नावे एकत्र येतात. इथे उमेदवार पदानुसार नव्हे, गटानुसार छापत. पहिल्या स्तंभात सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, त्याखाली सिनेटचा, त्याखाली प्रतिनिधीगृहाचा, मग शेरीफ, काउंटी कमिशनर आणि शेवटी गावचा मेयर व कौन्सिलचे सदस्य, अशी वरपासून खालपर्यंत भरगच्च रांग. काउंटी पक्षाचा पाठिंबा असलेले सगळे त्या एका रांगेत. तिचेच नाव ‘काउंटी लाइन’. काही काउंट्यांत ती उभी असे, काहींत आडवी. फरक तेवढाच.

ही रांग तयार कशी व्हायची? उमेदवार आपल्या अर्जासोबत लिहून देई की मला अमुक उमेदवारांबरोबर एकाच स्तंभात छापा. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. नावाशेजारी सहा शब्दांपर्यंतचे घोषवाक्य छापता येते. तिथे काउंटी पक्षसंघटनेचे नाव वापरायचे तर संघटनेची संमती लागे. मग काउंटी क्लार्क (मतपत्रिकेची मांडणी करणारा अधिकारी) चिठ्ठ्या काढून स्तंभांचा क्रम ठरवी. वरच्या पदाचा उमेदवार, म्हणजे त्या वर्षी सिनेट किंवा गव्हर्नरपदासाठी उभा असलेला, हा खुंटा. त्याच्याशी ब्रॅकेट झालेल्यांना पहिल्या जागांच्या सोडतीत स्थान मिळे. ज्यांनी कोणाशीच ब्रॅकेट केले नाही, त्यांना उरलेली जागा. म्हणजे प्रतिनिधीगृहासाठी एकट्याने उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्या स्तंभाची चिठ्ठी निघण्याची संधीच नसे. त्याचे नाव सहाव्या-सातव्या स्तंभात, मध्ये रिकामे चौकोन सोडून, एकटेच कुठेतरी जाई. स्थानिक कार्यकर्ते त्या भागाला ‘बॅलट सायबेरिया’ म्हणत.

यातून दोन खोड्या निघत. एक म्हणजे ‘भुताचे उमेदवार’. पक्षाविरुद्ध लढणाऱ्याला निदान पहिल्या स्तंभाच्या सोडतीत घुसायचे असेल तर सिनेटसाठी कोणीतरी उभे करून त्याच्याशी ब्रॅकेट करावे लागे. त्यामुळे प्रचार न करणारी, पैसा न उभारणारी माणसे राज्यस्तरीय पदासाठी अर्ज भरत. दुसरी खोडी जास्त वाईट. रांगेबाहेरचे, एकाच पदासाठी भांडणारे दोन उमेदवार कधी कधी एकाच स्तंभात एकाखाली एक छापले जात. टपालाने मत देणाऱ्या मतदाराला वाटे की ही दोन वेगळी पदे आहेत. तो दोघांनाही खूण करी आणि त्या पदापुरते त्याचे मत बाद होई.

रांग कोणाला द्यायची हे काउंटीगणिक बदलत असे. कायद्याने प्रत्येक पक्षाची काउंटी समिती असते आणि तिचे सदस्य प्रत्येक मतदान विभागातून प्रायमरीतच निवडून येतात. मॉनमथसारख्या काउंटीत डेमोक्रॅटिक पक्ष अधिवेशन भरवून गुप्त मतदान घेई. कित्येक मोठ्या काउंट्यांत मात्र अध्यक्षाने नाव सांगितले की संपले. शिवाय बऱ्याच विभागांत समितीच्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरते समितीच, आणि अशी भरती झालेले सदस्य अध्यक्षाचे ऋणी असतात. सगळ्या यंत्रणेचा हा तळाचा दगड आहे आणि बाहेरच्या माणसाचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते.

एका रांगेचा एवढा परिणाम खरेच होतो का, असे कोणी विचारले तर ते मोजता येते, कारण काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, मतदारसंघ अनेक काउंट्यांत पसरलेला असतो. एकाच उमेदवाराला एका काउंटीत रांग मिळते, शेजारच्या काउंटीत त्याच्या प्रतिस्पर्ध्याला. माणूस तोच, जाहिराती त्याच, तारीखही तीच. रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रुबिन यांनी वीसेक वर्षांच्या प्रायमरींची अशी तुलना केली, तेव्हा रांगेत असणे आणि प्रतिस्पर्धी रांगेत असणे यात सरासरी ३८ टक्के-अंकांचा फरक दिसला. सगळाच फरक छपाईचा नाही. रांगेबरोबर पाठिंबा, कार्यकर्ते आणि पैसाही येतो. रांग अजिंक्यही नव्हती. २०२० मध्ये प्रतिनिधीगृहाच्या क्रमांक दोनच्या मतदारसंघात बहुतेक काउंट्यांची रांग ब्रिजिड कॅलहन हॅरिसन यांच्याकडे होती, तरी जिंकल्या एमी केनेडी. पण असे निकाल बोटांवर मोजण्याइतके.

ही रचना मोडली ती सिनेटच्या एका जागेवरून. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोपपत्र आले. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधीगृहाचे सदस्य अँडी किम यांनी त्या जागेसाठी उभे राहण्याची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि बर्गन, हडसन, एसेक्स, कॅम्डन अशा मतांनी भरलेल्या काउंट्यांचे नेते त्यांच्यामागे उभे राहिले. टॅमी मर्फी यांनी यापूर्वी कधी निवडणूक लढवली नव्हती. ज्यांनी पाठिंबा दिला त्यांच्या काउंट्यांच्या निधीवर आणि नेमणुकांवर गव्हर्नरची सही चालते, हे कोणालाही उघड दिसत होते. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉनमथच्या अधिवेशनात गुप्त मतदान झाले, तेव्हा किम आरामात जिंकले. जिथे सदस्यांना मत होते तिथे किम आणि जिथे अध्यक्षाचा शब्द चाले तिथे मर्फी, असे चित्र वारंवार दिसू लागले.

२६ फेब्रुवारीला किम आणि आणखी दोन उमेदवार फेडरल न्यायालयात गेले. १७ मार्चला राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल मॅट प्लॅटकिन यांनी कळवले की ही पद्धत घटनेत बसत नाही आणि मी तिचा बचाव करणार नाही. हे गव्हर्नर मर्फींनीच नेमलेले अ‍ॅटर्नी जनरल. २४ मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी मनाई हुकूम दिला: जूनच्या प्रायमरीत मतपत्रिका पदानुसार छापा, ब्रॅकेटिंग नको. १७ एप्रिलला थर्ड सर्किट अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

सुनावणीत क्लार्कांच्या बाजूचा मुद्दा तांत्रिक होता: मतयंत्रे आणि छपाई इतक्या कमी वेळात बदलता येणार नाहीत. पण सेलम आणि ससेक्स याच राज्यात पदानुसार मतपत्रिका छापत होते, शिवाय टपाली मतपत्रिका कशाही छापता येतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. क्लार्क हे निवडून आलेले पद आहे, आणि बहुतेक क्लार्क स्वतः त्याच रांगेतून निवडून आलेले असतात. मतपत्रिकेची मांडणी करणारा अधिकारीच त्या मांडणीचा लाभार्थी.

हुकूम फक्त डेमोक्रॅटिक प्रायमरीला लागू झाला, कारण दावा करणारे सगळे डेमोक्रॅट होते. परिणामी ४ जून २०२४ रोजी एकाच काउंटीत, एकाच केंद्रावर डेमोक्रॅटांची मतपत्रिका पदानुसार आणि रिपब्लिकनांची जुन्या रांगेची, असे दृश्य होते. किम सिनेटची प्रायमरी सहज जिंकले. जास्त बोलका निकाल प्रतिनिधीगृहाच्या आठव्या मतदारसंघाचा. बॉब मेनेंडेझ यांचे चिरंजीव रॉब २०२२ मध्ये रांगेवर उभे होते, तेव्हा प्रायमरीत त्यांना सुमारे ८४ टक्के मते होती. २०२४ मध्ये रांग नव्हती आणि समोर होबोकेनचे मेयर रवी भल्ला होते. रॉब जिंकले, पण ५२ टक्क्यांवर. वडिलांवरचे आरोप आणि तगडा प्रतिस्पर्धी हेही कारण होतेच. तरी लढत झाली, हे महत्त्वाचे.

मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने रांग रद्द करणारा कायदा केला आणि मर्फींनीच त्यावर सही केली. त्यानंतरच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा दमदार उमेदवार उतरले आणि मिकी शेरिल साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या. पूर्वी अशा लढतीत तीन-चार मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष एका नावावर आले की बाकीचे आधीच घरी जात. घोषवाक्य मात्र कायद्याने राहिले आहे. नावाशेजारी काउंटीच्या पक्षसमितीचे नाव दिसले की समजायचे, पाठिंबा कुठे आहे.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. पक्षाने प्रायमरीत एखाद्याला पाठिंबा देणे यात गैर काही नाही. कॅलिफोर्नियाने तसा पाठिंबा देण्यावर कायद्याने बंदी घातली होती, ती १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उडवली, आणि ते योग्यच झाले. पक्ष ही माणसांची संघटना आहे, तिला बोलू द्यायला हवे. गडबड होते ती पक्षाचे बोलणे सरकारी खर्चाने छापलेल्या सरकारी कागदाच्या रचनेत उतरवले जाते तेव्हा. न्यू जर्सीत काउंटी अध्यक्ष पत्रके वाटत होते म्हणून कोणी कोर्टात गेले नाही. लोक गेले ते क्लार्कविरुद्ध.

आता बाकीच्या वाटा. त्या न्यू जर्सीपुरत्या नाहीत.

मतपत्रिका कोणाला मिळते, ही सर्वांत साधी गाळणी. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी बंद असते: ज्या पक्षात नाव नोंदवले आहे त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते आणि कोणत्याच पक्षात नाव नसेल तर कुठेच नाही. २०१६ च्या एप्रिलमधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलण्याची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक यांची ती मुदत चुकली आणि वडिलांनाच मत देता आले नाही. आता मुदत १४ फेब्रुवारी आहे. तरीही बहुतेकांना जूनच्या प्रायमरीतले उमेदवार कोण हे कळण्याआधीच ती उलटून गेलेली असते. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबरची अंतिम लढत बहुधा नावापुरती असते, त्यामुळे ज्याचे नाव पक्षात नाही त्याने खरी निवडणूकच गमावलेली असते. पक्षाला हवे असेल तर तो अपक्षांना बोलावू शकतो आणि राज्य त्याला अडवू शकत नाही, असे १९८६ च्या कनेक्टिकटच्या खटल्यात ठरले आहे. पण बोलावणे न बोलावणे पक्षाच्या हातात.

पुढची गाळणी सह्यांची. वरवर ती सगळ्यांना सारखी असते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे संघटना आणि वकील आहेत त्याला ती जाणवतही नाही आणि नवख्याचा गळा मात्र तिथेच आवळला जातो. मिशिगनचे दोन दाखले पुरेत. २०२२ मध्ये तिथे गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी १५,००० वैध सह्या लागत होत्या. दहापैकी पाच उमेदवार सह्यांवरून बाद झाले आणि त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेगही होते. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी मिळून निदान ६८,००० खोट्या सह्या दिल्याचे निवडणूक खात्याला आढळले. ही फसवणूक ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि एकच कागद फिरवत प्रत्येक जण आळीपाळीने एकेक ओळ भरतो, म्हणजे अक्षर बदलत राहते. पण दर पाचव्या ओळीला तेच वळण परत येते, कागदाला घडी नसते, पावसाचा डाग नसतो, चुकून खोडलेले काही नसते.

दुसरा दाखला मराठी वाचकाला जवळचा. बेळगाव जिल्ह्यात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचा पैसा ओतून उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात नऊ उमेदवारांत ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि काँग्रेसमध्ये गेले. इथे संघटनेला प्रायमरी आवरता आली नाही आणि ज्याच्याकडे स्वतःचे साधन होते तो गर्दीतून पुढे गेला. २०२४ मध्ये आदल्या वेळी दुसरे आलेले अ‍ॅडम हॉलियर पुन्हा उभे राहिले. लागत होत्या १,००० वैध सह्या. आक्षेप आला, तपासणी झाली, सह्या अपुऱ्या ठरल्या आणि त्यांचे नाव मतपत्रिकेवरून गेले. सगळे नियमाने झाले. पण सर्वांत ओळखीचा पर्याय मतदारांपर्यंत पोहोचलाच नाही.

म्हणून हे काम करणाऱ्यांचा ठोकताळा असा की लागतील त्याच्या दीडपट ते दुप्पट सह्या गोळा कराव्यात आणि रोज संध्याकाळी मतदारयादीशी ताडून बघाव्यात. सही बाद होते ती बहुधा क्षुल्लक कारणांनी: मतदार दुसऱ्या मतदारसंघातला, पत्ता बदलला पण नोंदणी बदलली नाही, तारीख राहिली, किंवा त्याने आधीच प्रतिस्पर्ध्याच्या अर्जावर सही केलेली. न्यूयॉर्कमध्ये तर एका पदासाठी एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही चालते आणि आधीची ग्राह्य धरतात. म्हणून संघटनेची माणसे पहिल्याच दिवशी मोठ्या इमारतींतून फिरून येतात. मागून येणाऱ्याच्या वाट्याला आधीच वापरलेल्या सह्या.

तिसरी वाट माघारीच्या वेळेची. हिला कायद्याचे नाव नाही, पण इलिनॉयमध्ये ती मुरलेली आहे. २००४ च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाचे सदस्य बिल लिपिन्स्की यांनी प्रायमरी जिंकली आणि ऑगस्टमध्ये माघार घेतली. रिकामी जागा पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी भरायची होती. त्यांनी टेनेसीत प्राध्यापक असलेल्या त्यांच्या मुलाचे, डॅन यांचे नाव दिले. डॅन यांना प्रायमरी लढवावीच लागली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिकागोचे प्रतिनिधीगृह सदस्य चुई गार्सिया यांची निवृत्ती अर्ज भरण्याची मुदत संपता संपता पुढे आली. डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी अर्ज उरला तो फक्त त्यांच्या कार्यालयप्रमुखांचा. त्यांच्याच पक्षाच्या एका सदस्येने निषेधाचा ठराव आणला आणि सभागृहाने तो मंजूर केला. अर्ज मात्र शाबूत राहिला. न्यू जर्सीत याचाच वेगळा प्रकार चालतो. राज्य विधिमंडळाची जागा मध्येच रिकामी झाली की तात्पुरता सदस्य त्या पक्षाची काउंटी समितीच निवडते. मुदत संपण्याच्या वर्ष-सहा महिने आधी राजीनामा दिला की समितीचा माणूस पुढच्या प्रायमरीत ‘विद्यमान आमदार’ म्हणून उतरतो.

विद्यमान सदस्याला जपण्याचा आणखी उघड मार्ग २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधीगृह प्रचार समितीने धरला. विद्यमान सदस्याविरुद्ध प्रायमरीत काम करणाऱ्या सल्लागार आणि सर्व्हे कंपन्यांना समितीचे काम मिळणार नाही, असे तिने जाहीर केले. मतदाराला हे कुठेच दिसत नाही, पण आव्हान देणाऱ्याला अनुभवी माणसे मिळत नाहीत. २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला गेला.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत पक्षाचा हात सर्वांत मोकळा असतो, कारण शेवटी प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात मत देतात आणि अधिवेशनाचे नियम पक्षाचे. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, त्यावरून झालेल्या गदारोळातून आजची प्रायमरीची साखळी आली. तरी पळवाटा आहेत. २०२४ साठी फ्लोरिडाच्या डेमोक्रॅटिक पक्षाने राज्याकडे बायडन यांचे एकच नाव पाठवले. तिथल्या कायद्यानुसार एकच नाव असेल तर प्रायमरी घेत नाहीत, त्यामुळे ती झालीच नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांच्यासाठी अ‍ॅरिझोना, कॅन्सस, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना इथल्या रिपब्लिकन पक्षांनीही आपली निवड प्रक्रिया रद्दच केली होती. नेवाडाचे २०२४ चे प्रकरण तर अजबच. राज्याने ६ फेब्रुवारीला प्रायमरी घेतली. रिपब्लिकन पक्षाने ८ तारखेला स्वतःची कॉकस, म्हणजे पक्षानेच भरवलेली मतदारांची सभा, ठेवली, प्रतिनिधी फक्त कॉकसमधून मिळतील असे ठरवले आणि प्रायमरीत उभे राहणाऱ्याला कॉकसची दारे बंद केली. निकी हेली प्रायमरीत उभ्या राहिल्या, ट्रम्प कॉकसमध्ये. नेवाडाच्या मतपत्रिकेवर आपल्या ‘नोटा’सारखा ‘यापैकी कोणीही नाही’ असा पर्याय असतो. हेली त्या पर्यायाकडून हरल्या; त्याला त्यांच्या दुपटीहून जास्त मते पडली.

न्यायालये हे सगळे खपवून का घेतात? एक रेषा त्यांनी फार पूर्वी आखली. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी होती. ‘आम्ही खाजगी संघटना आहोत, सदस्य कोण ते आम्ही ठरवू’ हा बचाव १९४४ मध्ये स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात कोसळला. मग एका काउंटीत ‘जेबर्ड’ नावाच्या संघटनेने प्रायमरीच्याही आधी आपली गोऱ्यांची निवडणूक सुरू ठेवली. तीही १९५३ मध्ये बंद पडली. वंशावरून दार बंद करता येत नाही, हे पक्के. त्यापलीकडे मात्र न्यायालय पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याला बरेच झुकते माप देते. न्यूयॉर्कमध्ये ट्रायल कोर्टाच्या न्यायाधीशपदाचे उमेदवार प्रतिनिधी अधिवेशनात ठरतात. त्यात शिरायचे तर स्वतःचे प्रतिनिधी उभे करून राज्य विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात ३७ दिवसांत ५०० सह्या गोळा कराव्या लागतात. एकट्या माणसाला हे अशक्यच. तरी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली नाही. निकालाशी सहमत होतानाच न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपले जुने सहकारी थरगुड मार्शल यांच्या एका वाक्याची आठवण दिली: मूर्खपणाचे कायदे करायला घटनेची मनाई नाही.

पक्षांना बाजूला सारून सगळ्यांची एकच प्रायमरी घ्यावी, हा उपाय वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात आहे. सगळे उमेदवार एका मतपत्रिकेवर आणि पहिले दोन नोव्हेंबरला. अलास्कात पहिले चार पुढे जातात. यातही पर्याय गळतात, फक्त वेगळ्या जागी. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एकतिसाव्या मतदारसंघात डेमोक्रॅट जास्त होते, पण त्यांचे चार उमेदवार आपसात मते वाटून बसले. रिपब्लिकन दोनच होते, ते दोघेही पुढे गेले आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट मतदारापुढे दोन रिपब्लिकन उरले. तेव्हापासून तिथले पक्ष आपल्या जास्तीच्या उमेदवारांना अर्ज भरण्याआधीच मागे घ्यायला लावतात. फेरा फिरून तिथेच.

भारताशी तुलना विचारली आहे म्हणून थोडे. आपल्याकडे गाळणी एकच आहे आणि ती उघड आहे: ए आणि बी फॉर्म. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत तो ज्याच्या नावाने पोहोचेल तो पक्षाचा उमेदवार. २०१४ मध्ये काँग्रेस पक्षाने लोकसभेच्या मोजक्या जागांवर प्रायमरी करून पाहिली, त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. मत होते फक्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना. वर्ध्यातून सागर मेघे निवडले गेले. त्यांचे वडील दत्ता मेघे तिथले विद्यमान खासदार होते. मतदारयादीच निवडक असेल तर मतदान घेऊनही फार काही बदलत नाही.

न्यू जर्सीतल्या नव्या नागरिकाने काय करावे, ते आता. राज्यातले एक तृतीयांशाहून अधिक मतदार कोणत्याच पक्षात नोंदलेले नाहीत आणि आपली बरीच मंडळी त्यांत असतात. तुम्ही तसे असाल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगता येतो आणि त्याच वेळी मत देता येते. तेव्हापासून तुमची नोंद त्या पक्षात होते. नको असेल तर नंतर फॉर्म भरून काढता येते. तुम्ही आधीच एका पक्षात असाल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचे असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पक्षबदलाचा फॉर्म द्यावा लागतो. एरवी प्रायमरी जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, म्हणजे ही तारीख एप्रिलच्या पूर्वार्धात येते. पहिल्यांदा मतदार म्हणून नोंदणी करायची मुदत २१ दिवस आधी. टपालाने मत देणाऱ्यांची एक हमखास चूक होते: पक्षात नाव नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका आपोआप घरी येत नाही, आधी पक्ष जाहीर करावा लागतो. लोक मेच्या शेवटापर्यंत पाकिटाची वाट बघत बसतात.

नमुना मतपत्रिका घरी आली की प्रत्येक पदाखालची सगळी नावे मोजा, मग घोषवाक्ये वाचा. एका पदाखाली एकच नाव असेल तर त्या पदाची निवड आधीच कुठेतरी झाली आहे. आणि सर्वांत खाली, जिथे बहुतेकांची नजर पोहोचत नाही, तिथे काउंटी समितीची जागा असते. तुमच्या विभागात ती रिकामी असेल तर उभे राहायला अगदी थोड्या सह्या लागतात. कधी कधी एकाच गल्लीतून जमतात.

ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असलेल्यांनी प्रायमरीतही मत देऊ नये. फेडरल निवडणुकीत तो गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढले जाऊ शकते. उमेदवाराच्या अर्जावरही सही करू नका, ती फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, एच-१बीवाले नाही. विनामोबदला फोन करणे, पत्रके वाटणे दोघांनाही चालते.